पान नाही, हिरवेपणा नाही, तरीही वनस्पतीच!

शाळेत घोकलेल्या एका वाक्यात आधी दुरुस्ती करून घ्या. ‘वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार करतात’ हे बहुतेकींच्या बाबतीत खरं आहे, सगळ्यांच्या नाही. जगात पाचशेच्या वर फुलझाडं अशी आहेत, की ज्यांच्यात हरितद्रव्याचा टिपूसही नाही. उन्हाची त्यांना गरज नाही. तरी ती वेळेवर फुलतात, बिया धरतात आणि वंश चालवतात. त्यांचं जेवण म्हणजे जमिनीतली बुरशी.

पावसाळ्यात कोकणात अळंबी आणि गोव्यात ओल्मी विकायला आली, की आपण तुटून पडतो. या वनस्पती तेच करतात, फक्त जमिनीखाली आणि वर्षभर.

बांडगूळ नव्हे, अमरवेलही नव्हे

फुकट खाणारी झाडं आपल्या ओळखीची आहेत. आंब्यावरचं बांडगूळ, कुंपणावर पसरलेली पिवळी अमरवेल, ज्वारीच्या मुळांना चिकटून पीक खाऊन टाकणारा टारफुला. हे सगळे थेट दुसऱ्या झाडात तोंड खुपसतात. आपल्या पाहुण्यांची रीत वेगळी आहे. ही बुरशीखाऊ झाडं दुसऱ्या झाडाला स्पर्शही करत नाहीत.

जंगलातल्या बहुतेक झाडांच्या मुळांशी बुरशीचे बारीक तंतू जोडलेले असतात. बुरशी मातीतून पाणी आणि स्फुरद आणून देते, झाड बदल्यात साखर देतं. डाळिंब, केळी आणि उसाचे शेतकरी ‘मायकोरायझा’ किंवा ‘व्हॅम’ नावाची पावडर विकत आणून टाकतात, ती हीच भागीदारी जुळवण्यासाठी. आपल्या या बिनपानांच्या वनस्पती त्या भागीदारीत मधेच शिरतात. बुरशीचे तंतू त्यांच्या मुळांच्या पेशींत जातात, तिथे वेटोळी करून बसतात आणि वनस्पती ती वेटोळी पचवून टाकते. म्हणजे साखर बनवली शेजारच्या हिरव्या झाडाने, वाहून आणली बुरशीने आणि खाल्ली तिसऱ्याच कुणी.

जुन्या पाठ्यपुस्तकांत यांना ‘मृतोपजीवी’ म्हटलेलं असे, म्हणजे कुजलेल्या पाल्यावर जगणारी. ते चूक ठरलं आहे. कुजका पाला स्वतः पचवणारं एकही फुलझाड आजवर सापडलेलं नाही. पाला पचवते ती बुरशीच.

गुपित फुटायला ऐंशी वर्षं

१८८१च्या सुमाराला फ्रान्चिशेक कामियेन्स्की या पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञाने मोनोट्रोपा नावाच्या फिकट वनस्पतीची मुळं बारकाईने तपासली. ती बुरशीच्या अस्तराने पूर्ण झाकलेली होती. मातीशी मुळाचा संबंधच येत नव्हता, जे काही आत जाईल ते बुरशीतूनच जाणार होतं. बुरशी या झाडाला पोसते, असं त्याने लिहिलं. फार कुणी लक्ष दिलं नाही.

पुढची गोष्ट खवय्यांना आवडेल. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या महागड्या बुरशीची लागवड करायची होती. काम सोपवलं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या शास्त्रज्ञाकडे. ट्रफलची शेती काही जमली नाही, पण झाडांची मुळं खणता खणता फ्रांकला दिसलं, की निरोगी झाडांच्या मुळांवरही बुरशी आहे. १८८५मध्ये त्याने ‘मायकोरायझा’ हा शब्द रूढ केला. शेतकऱ्याच्या हातातल्या पावडरीचं नाव तिथून आलं आहे.

मग १८९९चा मे महिना. नोएल बर्नार हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा लष्करी सेवेत होता. फोन्तेनब्लोच्या जंगलात पाल्याखाली गाडलं गेलेलं नीऑटिया या बिनहिरव्या ऑर्किडचं बोंड त्याला सापडलं. आतल्या बिया रुजल्या होत्या आणि रुजलेल्या प्रत्येक बीत बुरशी होती. ऑर्किडचं बी बुरशीशिवाय रुजत नाही, हा शोध तिथे लागला. बर्नार १९११मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी गेला. आजचा ऑर्किडचा सगळा व्यापार त्याच्या या निरीक्षणाचा ऋणी आहे.

पक्का पुरावा मिळाला १९६०मध्ये. एरिक ब्यर्कमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने जंगलातल्या झाडांच्या खोडांत किरणोत्सारी साखर टोचली. काही दिवसांनी तीच साखर जवळच उगवलेल्या मोनोट्रोपात सापडली. आसपासच्या इतर झुडपांत मात्र तिचा मागमूस नव्हता. चोरीचा माल रंगेहाथ पकडला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

आता त्यासाठी झाडाला टोचावंही लागत नाही. बुरशीच्या शरीरात कार्बन आणि नायट्रोजनचे जड अणू हिरव्या झाडांपेक्षा जास्त साठतात. जो बुरशी खातो त्याच्या अंगातही ते वाढतात. पानाचा चिमूटभर तुकडा यंत्रात घातला, की त्या वनस्पतीचा आहार कळतो. या तपासणीत एक मोठं आश्चर्य बाहेर आलं: हिरवीगार दिसणारी कित्येक झाडंसुद्धा चोरून बुरशी खातात.

सड्यावरचं निळं फूल

त्यातलं एक आपल्या कोकणात आहे. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या ओल्या सड्यांवर गुडघे टेकून बसलात, तर गवताच्या पात्यांमध्ये बर्मानिया सिलेस्टिस दिसू शकतं. दोऱ्याएवढा दांडा, टोकाला निळसर-जांभळं फूल, फुलाच्या नळीला तीन पातळ पंख आणि तोंडाशी पिवळा ठिपका. उभ्याने पाहणाऱ्याला ते दिसत नाही. याच्या बुडाशी बारकी हिरवी पानं असतात, पण अणूंच्या तपासणीत कळलं की त्याच्या कार्बनचा काही वाटा बुरशीकडून येतो. याच्याच कुळातल्या कित्येक जातींनी पुढचं पाऊल टाकलं आणि पानं कायमची सोडून दिली.

मला हे फूल फार महत्त्वाचं वाटतं. हिरवं झाड बिनहिरवं कसं होतं, याची मधली पायरी प्रयोगशाळेत नाही, ती आपल्या सड्यावर उभी आहे. आणि सडे म्हणजे ‘पडीक जमीन’ असा शेरा मारून आपण तिथे खाणी काढतो.

भूत ऑर्किड जवळून

सह्याद्रीच्या दमट, सावलीच्या जंगलांत एपिपोगियम रोझियम नावाचं ऑर्किड उगवतं. आफ्रिकेपासून भारत, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा पसारा आहे, तरीही आयुष्यभर जंगल तुडवणाऱ्या कित्येकांना ते एकदाही दिसत नाही. कारण सोपं आहे: वर्षातले मोजके दिवसच ते जमिनीवर असतं.

पाहिलंच तर काय दिसतं? पाल्यातून वर आलेला मांसल, पोकळ, मलईच्या रंगाचा दांडा, वीतभर ते दोन वीत. पान एकही नाही, पानांच्या जागी नुसते खवले. वरच्या टोकाला माना खाली घातलेली फिकट फुलं. ऑर्किडची मोठी पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती बहुतेक जातींत खाली असते, इथे ती वर आहे आणि तिच्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. खाली उकरून पाहिलं तर आणखी धक्का बसतो: मूळच नाही! आहे तो एक फुगीर कंद आणि पोवळ्यासारखे फाटे फुटलेलं खोड. सगळं खाणं त्या कंदात साठतं. वेळ आली की दांडा वर येतो, फुलं स्वतःच्याच परागांनी फळतात, बिया उडतात आणि दांडा कोसळतो. सगळा कारभार घाईचा.

जपानी संशोधकांनी त्याच्या कंदातली बुरशी ओळखली, तेव्हा ती निघाली कुजक्या लाकडावर आणि शेणखतावर छत्र्या काढणाऱ्या बुरश्यांच्या गोतावळ्यातली. म्हणजे हे ऑर्किड कुणा जिवंत झाडाची साखरही चोरत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी खाऊन त्याचं भागतं.

कावळ्याचं नाव उलटंपालटं केलं आणि...

कास पठारावरचा ‘कावळा’ आठवतो? पिवळी धमक फुलं, त्यावर तांबडे ठिपके, पर्यटक ज्याला मिकी माउस म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव स्मिथिया. १८४०च्या दशकात विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञांना एका विलक्षण बुरशीखाऊ वनस्पतीला स्मिथ नावाच्या दुसऱ्या माणसाचं नाव द्यायचं होतं, पण स्मिथिया हे नाव आधीच खर्ची पडलेलं. मग त्यांनी त्याच रोमन अक्षरांची जागा बदलली आणि नाव तयार केलं थिस्मिया. नियम पाळला गेला, स्मिथचा मानही राखला गेला.

थिस्मियाला इंग्रजीत पऱ्यांचा कंदील म्हणतात. पाचोळ्याच्या बरोबरीने, बोटाच्या पेराएवढं उंच, काचेसारखं पारदर्शक भांडं. वर घुमट, घुमटाला झरोके, काहींना वर तीन शिंगं, काहींना मिशा. रंग नारिंगी, निळा, काळपट, पांढरा, जातीगणिक वेगळा. बुरशीवर जगणारी चिलटं त्या झरोक्यांतून आत शिरतात आणि पराग घेऊन बाहेर पडतात. म्हणजे खाणंही बुरशीच्या जगातलं आणि लग्न लावणारा भटजीही तिथलाच!

भारतात थिस्मियाची पहिली नोंद २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. केरळच्या जंगलात पी. सुजनपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती मिळाली, जात नवीन निघाली आणि तिचं नाव ठेवलं थिस्मिया सह्याद्रिका. आपल्या डोंगररांगेचं नाव आता या कंदिलावर कायमचं कोरलेलं आहे.

याच सुजनपालांच्या नावावर आणखी एक मोठी कमाई आहे. केरळमधल्या परंबिकुळमच्या जंगलातून १९५१मध्ये एक पांढरट वनस्पती गोळा झाली होती. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या एअरी शॉ यांनी १९५२मध्ये तिला हॅप्लोथिस्मिया हे नाव दिलं. अख्ख्या प्रजातीत ही एकच जात आणि जगात तिचा ठिकाणा पश्चिम घाटातला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक ती कुणालाच दिसली नाही. पीचीच्या केरळ वनसंशोधन संस्थेतले एन. शशिधरन आणि सुजनपाल यांनी मूळ जागीच ती पुन्हा शोधून काढली आणि २०००मध्ये तसं जाहीर केलं. पन्नास वर्षं ती तिथेच होती. योग्य आठवड्यात, योग्य जागी, खाली वाकून पाहणारा माणूस तेवढा नव्हता.

ग्वाल्हेरकरांनो, तुमच्याकडेही आहे

चंबळचे बेहड, करधईचं कोरडं जंगल, मे महिन्यातली ४५ अंशांची काहिली. ग्वाल्हेर-शिवपुरीच्या बाजूला पऱ्यांचे कंदील सापडायचे नाहीत, त्यांना बारमाही ओल लागते. पण बुरशीच्या खाणावळीत लहानपणापुरतं जेवून मोठी होणारी झाडं मध्य भारतातही आहेत.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर मोकळ्या माळावर ऑफिओग्लॉसम नावाचं नेचावर्गातलं रोपटं उगवतं. एकच पान आणि त्यातून सरळ वर गेलेली सापाच्या जिभेसारखी काडी. पचमढीला जाणारे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ते हमखास शोधतात. त्याच्या जीवनचक्राचा एक टप्पा जमिनीखाली, पूर्ण अंधारात, बिनहिरवा असतो आणि त्या काळात त्याला बुरशीच पोसते. हेच रोपटं आणखी एका गोष्टीत विक्रमी आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, ऑफिओग्लॉसमच्या एका जातीत हजाराच्या वर! ती मोजण्याचं किचकट काम १९५४मध्ये ए. अब्राहम आणि सी. ए. निनान या भारतीय शास्त्रज्ञांनी केलं.

हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानी प्रदेशात ओलसर हिरवळीवर बोटभर उंचीचं, पांढऱ्या फुलांचं एक ऑर्किड येतं, झ्युक्झाइन. माळी ते गवत समजून काढून टाकतो. आंब्या-महुआच्या फांद्यांवरचा रास्नाही ऑर्किडच. या दोघांच्याही बिया बुरशीशिवाय रुजत नाहीत. सीतेची वेणी घ्या, नाही तर हबेनारिया, जगातली पंचवीस हजारांहून जास्त ऑर्किडं बाल्यात बुरशीच खातात. त्यांचं बी रांगोळीच्या कणासारखं बारीक असतं, त्यात रोपासाठी शिदोरीच नसते. एका बोंडात लाखो बिया असूनही ऑर्किड दुर्मीळ राहतात ते यामुळे. बी पडलं आणि तिथे हवी ती बुरशी नसली, की संपलं. महाराष्ट्रात शंभराहून जास्त जातींची ऑर्किडं आहेत. त्यातली बहुसंख्य पुढे हिरवी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहतात, एपिपोगियमसारखी थोडी आयुष्यभर त्याच ताटावर बसतात.

भीमाशंकरचा उजेड आणि चीनचं औषध

ऐन पावसात भीमाशंकरच्या जंगलात रात्री ओली लाकडं हिरवट चमकतात. हा उजेड बुरशीचा. मायसीना गटातल्या काही जाती असा प्रकाश देतात. आता याच मायसीना गटाचं दुसरं काम पाहा. गॅस्ट्रोडिया इलाटा हे बिनपानांचं ऑर्किड चिनी वैद्यकात ‘तियानमा’ म्हणून शतकानुशतकं वापरलं जातं. त्याचं बी रुजवते मायसीना. रोप जरा मोठं झालं की ते खाणावळ बदलतं आणि आर्मिलारिया या बुरशीकडे जातं. ही आर्मिलारिया म्हणजे जंगलातली नामचीन गुंड, उभी झाडं मारणारी. तिला हे ऑर्किड खातं! चिनी शेतकरी आर्मिलारिया लागलेले ओंडके जमिनीत पुरून त्यांच्या शेजारी तियानमाची शेती करतात. दोन बुरश्या, दोन टप्पे, हे गणित विसाव्या शतकात सुटलं, त्याआधी कंद फक्त जंगलातूनच खणून आणावे लागत.

हरवले, सापडले, हरवलेच

या वनस्पतींच्या शोधकथा रहस्यकथांना मागे टाकतील.

शिकागो, ऑगस्ट १९१२. नॉर्मा फायफर ही विद्यार्थिनी शहराच्या कडेच्या ओल्या गवताळ भागात हिंडत होती. तिला शेवाळात बुडालेलं इवलंसं पांढरं फूल दिसलं. थिस्मिया! उष्ण कटिबंधातली ही मंडळी शिकागोत कशी? तिने त्यावर पीएचडी केली, जातीला नाव मिळालं थिस्मिया अमेरिकाना. तिची जवळची नातलग सापडते थेट न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. १९१६नंतर ते फूल कुणालाही दिसलेलं नाही. स्वयंसेवकांच्या टोळ्या पुढे अनेकदा गुडघ्यांवर रांगत शोधून आल्या. त्या भागात आता कारखाने आहेत.

बोर्निओची कथा सुखाची. इटालियन निसर्गप्रवासी ओदोआर्दो बेकारी याने १८६६मध्ये सारावाकच्या जंगलात थिस्मिया नेपच्यूनिसचं चित्र काढलं. पुढची १५१ वर्षं तेवढं चित्रच काय ते होतं. २०१७च्या जानेवारीत झेक संशोधकांना त्याच डोंगरावर ते फूल पुन्हा भेटलं, त्याचा पहिला फोटो तेव्हाचा.

जपानची कथा दोन्हींच्या मधली. कोबे शहरात १९९२मध्ये एक थिस्मिया सापडली. १९९९मध्ये त्या जागी औद्योगिक वसाहत उभी राहिली. जपून ठेवलेल्या नमुन्यावरून २०१८मध्ये तिला थिस्मिया कोबेन्सिस हे नाव मिळालं, तोवर ती नामशेष झाली असं सगळे धरून चालले होते. आणि २०२१मध्ये सुमारे ३० किलोमीटरवरच्या सांदा शहराजवळ ती जिवंत सापडली! कोबे विद्यापीठाचे केंजी सुएत्सुगु हे या क्षेत्रातलं आजचं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या गटाने २०२४मध्ये दक्षिण जपानमधून रेलिक्टिथिस्मिया ही नवी प्रजातीच जाहीर केली. जपानसारख्या कानाकोपरा धुंडाळलेल्या देशात असं १९३०नंतर घडलं नव्हतं.

आणि सगळ्यांवर कडी करणारं ऑस्ट्रेलियाचं रायझँथेला. पश्चिम ऑस्ट्रेलियात कॉरिजिन इथे १९२८मध्ये जॅक ट्रॉट हा शेतकरी आपल्या जमिनीवर काम करत होता. मातीला पडलेल्या भेगेतून त्याला गोड वास आला. उकरलं तर खाली फुललेलं ऑर्किड! हे फूल उमलतं तेही जमिनीच्या खालीच. बुरशीमार्फत ते मेलालूका नावाच्या झुडपाची साखर खातं. झुडूप तोडलं की बुरशी जाते, बुरशी गेली की ऑर्किड जातं.

बिया नेतं कोण? झुरळ!

इतक्या बुटक्या, अंधारात वाढणाऱ्या झाडाच्या बिया वाऱ्याला सापडत नाहीत. जपानमधल्या मोनोट्रोपास्ट्रम या मोनोट्रोपाच्या नातलगाची पांढरी रसाळ फळं जंगली झुरळं खातात आणि विष्ठेतून सुखरूप बिया टाकत जातात. बिनपंखांचे कुबडे रातकिडेही हेच काम करतात. झुरळाला बी वाहून नेण्याचं श्रेय मिळालेली ही पहिलीच मोठी नोंद.

मोनोट्रोपा हिमालयात आणि खासी टेकड्यांवरही आहे. कुळ पाहाल तर चाट पडाल: ते बुरांशच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातलं. मेणासारखं पांढरं फूल तोडलं की काळं पडतं. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनचं हे आवडतं फूल. तिच्या मृत्यूनंतर १८९०मध्ये निघालेल्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याचंच चित्र होतं.

कुळ कसं ठरवायचं?

वर्गीकरण करणाऱ्यांची या वनस्पतींनी फार परीक्षा घेतली. पान नाही, त्यामुळे पानावरून ओळखणं नाही. नेहमीप्रमाणे कागदात दाबून वाळवलं, तर फुलाचा चिखल होतो, म्हणून नमुना अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावा लागतो. मुंबईच्या सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं १९५५पासूनचं पुण्यातलं केंद्र, असल्या संग्रहांची किंमत इथे कळते. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं १९६६चं मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवरचं पुस्तक असाच जमवलेला एकेक नमुना पाहून लिहिलं गेलं.

मग डीएनए आलं, पण तिथेही ठेच लागली. झाडांची नाती जुळवायला शास्त्रज्ञ हरितलवकातली जनुकं वापरतात. या मंडळींनी तीच फेकून दिलेली! नेहमीच्या झाडाच्या हरितलवकात सुमारे दीड लाख अक्षरांचा मजकूर असतो. एपिपोगियम रोझियममध्ये उरला आहे फक्त १९ हजारांचा. वापरात नसलेली पानं एकेक करून फाडून टाकली, एवढाच त्याचा अर्थ. उरलेली जनुकंही इतक्या वेगाने बदललेली असतात, की नातं चुकीच्या घराशी जुळतं. थिस्मिया बर्मानियाच्या कुळातली, की तिचं कुळ वेगळं, हा वाद कित्येक वर्षं चालला. आफ्रिकेतल्या आफ्रोथिस्मियाला तर नुकतंच स्वतंत्र कुळ बहाल करण्यात आलं आहे. त्यातल्या बहुतेक जाती कॅमेरूनच्या आसपासच्या, आणि नाव मिळेपर्यंत काही नाहीशाही झाल्या असाव्यात.

या कामात नुसता वनस्पतिशास्त्रज्ञ पुरत नाही, बुरशी ओळखणाराही लागतो. तो वारसा आपल्याकडे आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ अजरेकर यांच्या नावाचं बुरशींचं हर्बेरियम आहे, जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. अजरेकर आणि प्रा. कामत यांच्या नावांवरून बुरशींच्या अजरेकरेला आणि कामाटिया या प्रजाती ओळखल्या जातात. वनस्पतींची आणि बुरशींची अशी दोन्ही कपाटं एकाच शहरात असणं ही मोठी सोय आहे. सह्याद्रीतल्या बुरशीखाऊ वनस्पती नेमक्या कोणत्या बुरशीवर जगतात, हा प्रश्न घेऊन एखाद्या तरुणाने पीएचडीला बसावं, असं मनापासून वाटतं. विषय नवा आहे, जंगल दारात आहे.

तुम्हाला दिसलं तर

यंदा पावसाळ्यात आंबोली, कोयना, भीमाशंकर किंवा गोव्यातलं मोले, कुठेही गेलात तर सावलीतल्या पाल्याकडे पाच मिनिटं बसून बघा. पांढरा, पिवळट, तपकिरी असा बिनपानांचा दांडा दिसला, तर तो अळंबीचा आहे का हे आधी तपासा. पाकळ्या दिसल्या तर ती वनस्पती आहे. बाजूला नाणं ठेवून फोटो घ्या: एक पूर्ण झाडाचा, एक फुलाचा समोरून, एक बाजूने. तारीख, ठिकाण आणि वर कोणती झाडं आहेत ते लिहून घ्या. ‘आयनॅचरलिस्ट’वर किंवा ‘ईफ्लोरा ऑफ इंडिया’वर फोटो टाका, नाही तर पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षण केंद्राला कळवा. नेमकी जागा मात्र सगळ्यांसाठी जाहीर करू नका, ऑर्किड चोरणारेही तेच फोटो पाहतात. पाला सारून काढलात तर तसाच परत पसरा. आणि झाड उपटून घरी आणू नका. त्याची बुरशी जंगलात राहते, कुंडीत ते जगत नाही.